कमरेची सुपारी

माझ्या सासऱ्यांनी चारही आश्रम केले आणि चारही आश्रमांत त्यांना चहा वेळेवर मिळाला. त्यांच्याविषयी कुणी आदरानं विचारलं की मी एवढंच सांगते. लोकांना ती गंमत वाटते. मला वाटत नाही, कारण त्यातल्या दोन आश्रमांतला चहा मी केलेला आहे, आणि त्यातल्या एकातला तर जिन्यानं वर नेलेला आहे.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्याबाई. मामा मूळचे करमाडचे. गावच्या शाळेत अलिफ-बे गिरवायला लागले तोच पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, मास्तर बदलले, पाटीवरची अक्षरं बदलली. पुढे थोरल्या भावानं त्यांना शिकायला औरंगाबादच्या वसतिगृहात ठेवलं. भाऊ स्वतः नांगर धरून गावातच राहिला. भावजय पहाटे उठून भाकरी थापायची आणि शहराकडे निघालेल्या कुणाच्या तरी हाती ते फडकं पाठवायची. या काळाला मामा 'माझा ब्रह्मचर्याश्रम' म्हणत. त्यांच्या तोंडून ऐकलं तर वाटावं, हे अरण्यात गुरूच्या घरी गाई राखत होते. गाई राखत होता तो भाऊ.

मग सरकारी कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं आणि गृहस्थाश्रम सुरू झाला. "गृहस्थ हा सगळ्या आश्रमांचा आधार असतो," असं ते जेवताना सांगत. आधार त्या वेळी ओट्याशी उभा राहून पोळ्या लाटत असे. आत्याबाईंनी दोन मुली आणि एक मुलगा वाढवला, दवाखान्यासाठी नाहीतर कोर्टाच्या तारखेसाठी करमाडहून येणारी सगळी भावकी जेवू घातली, आजारपणं काढली, बाळंतपणं केली. मामा पगार आणत, हे मी नाकारत नाही. पण पगार आणून ठेवण्यालाच गृहस्थाश्रम म्हणायचं असेल तर कचेरीतली तिजोरीही गृहस्थच म्हणायची.

आत्याबाईंची एक इच्छा होती आणि ती मला सून होऊन आल्यावर वर्षभरात कळली. त्यांना मुलीच्या कन्यादानाला पाटावर बसायचं होतं. थोरल्या मुलीच्या वेळी तो मान घरातल्या वडील जोडप्याचा म्हणून मामांचे भाऊ-भावजय बसले. आत्याबाई तेव्हा आत भाताच्या पातेल्यापाशी होत्या. मुलीच्या हातावर पाणी पडलं तेव्हा बाहेर वाजंत्री वाजली, त्यावरून त्यांना कळलं.

नंतर गारखेड्यात घर बांधलं. भिंतींवर दोन्ही वेळ पाणी मारायला आत्याबाई होत्या. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी त्या कडेला बसल्या, म्हणजे चार दिवस शिवायचं नाही. मामांनी साहेबांना जेवायला बोलावून ठेवलं होतं, तेव्हा तारीख हलवणं शक्यच नव्हतं. आमच्यात बायको नसलेला किंवा बायको हजर नसलेला पुरुष कमरेला सुपारी खोचून पूजेला बसतो. सुपारी म्हणजे बायको, असं धरतात. मामांनी धोतराच्या कनवटीला सुपारी खोचली आणि झाली वास्तुशांत. आत्याबाई मागच्या अंगणात नळापाशी पोत्यावर बसून मंत्र ऐकत होत्या. मी ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, "सुपारीचं बरं हाय. तिला कंबर दुखत नाय."

मग ताटातली भाजी बोटानं सारत म्हणाल्या, "धाकटीच्या लग्नात मात्र मी बसणार. एकदा तरी."

धाकटी नणंद तेव्हा शाळेत होती. पुढे ती शिकली, मामांचे थोरले भाऊ वारले, आणि वडील जोडपं म्हणून मामा-आत्याबाईच उरले. म्हणजे आता कुणाला काही म्हणायला जागा नव्हती. आत्याबाईंनी एक हिरवी पैठणी पेटीत तळाशी ठेवली होती, ती त्या दर दिवाळीला बाहेर काढून उन्हात घालत आणि परत ठेवत.

मामा निवृत्त झाले. सुरुवातीला ते रोज साडेनवाला कपडे करून फाटकात उभे राहत. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून, कुठे निघालात, कशाला निघालात, अशी चौकशी करत. हाताखालची माणसं गेली की अशा माणसाचं काही खरं नसतं. तेवढ्यात कुणीतरी त्यांना प्रवचनाला नेलं.

हे महाराज पूर्वी ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचे. बिडकीनच्या पुढे पैठण रस्त्याला त्यांचा मठ होता. वर पत्रे, खाली संगमरवर. आवाज मात्र देवानं दिलेला. चार आश्रम, देवाकडे जाण्याचे चार मार्ग, असं ते बोटांवर मोजून सांगत आणि समोरचे निवृत्त लोक आपण कितव्या बोटावर आलो ते बघत. मामांना कळलं की आपण तिसऱ्या बोटावर आहोत. वानप्रस्थ.

वनात जायचं तर करमाडला स्वतःचं शेत होतं. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहायला खोली होती, लिंबाची झाडं होती, विहीर होती. पण तिथं विंचू निघतात आणि लाईट जाते. म्हणून वन गच्चीवर आलं. पत्र्याची एक खोली, पंखा, दोन कुंड्यांत कण्हेर आणि तुळस. शास्त्रात म्हणे बायकोला बरोबर न्यावं किंवा मुलाच्या हवाली करावं, अशी दोन्ही मुभा आहे. मामांनी मधला मार्ग काढला. बायको खाली आणि ताट वर. मी शिक्षिका, माझी सकाळची शाळा असे. ती संपवून मी घरी आले की पहिलं काम वर ताट नेण्याचं. मी नसले तर आत्याबाई दुखरे गुडघे घेऊन एकेक पायरी चढत. वरून आवाज येई, "सावकाश या, घाई नाही." हे त्यांचं वैराग्य.

मार्गांचंही तसंच झालं. महाराज म्हणत, कर्म, भक्ती, ज्ञान, योग, ज्याला जो रुचेल तो धरावा. मामांना चारही रुचले. कर्मयोगात त्यांनी फळाची आशा न धरता अंगणातली पेरूची फांदी छाटली, आणि खरोखरच त्या झाडाला पुढे फळ आलं नाही. भक्तिमार्गात सकाळी झांजा वाजू लागल्या. धाकटीची परीक्षा होती, ती कानात कापूस घालून बसे. योगात शीर्षासन करताना ते कपड्यांच्या दोरीवर पडले आणि माझ्या दोन साड्या मातीत गेल्या. ज्ञानमार्ग सर्वांत जास्त टिकला, कारण त्यात नुसतं बोलायचं होतं. जग मिथ्या आहे, हे ते मला भाजी निवडताना समजावून सांगत. एकदा मी म्हटलं, "मामा, मग ही गवार मिथ्या आहे का?" तर म्हणाले, "गवार नको, आज मेथी कर."

शेजारी एक खाला राहत. उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, तिखट जिभेच्या. गच्चीवर कूलर चढवला गेला त्या दिवशी त्या कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, "क्या गे, दुनिया छोड़ने कू इत्ता सामान लगता क्या?" त्या दिवसापासून त्या मला फार आवडायला लागल्या.

धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा वाळूजच्या कारखान्यात होता, बजाजनगरला स्वतःचं घर, माणसं साधी. साखरपुडा झाला, तारीख निघाली. आत्याबाईंनी पैठणी पेटीच्या तळातून काढून वर ठेवली. आणि त्याच आठवड्यात मामा जिना उतरून खाली आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी संन्यास घेतोय."

मुहूर्त लग्नाच्या महिनाभर आधीचा होता.

आम्हाला वाटलं, निदान एवढी घाई का, याला काही आध्यात्मिक कारण असेल. होतं ते असं. आमच्याच कॉलनीतले एक निवृत्त गृहस्थ, कचेरीत मामांच्या हाताखाली होते ते, पुढच्या मुहूर्ताला संन्यास घेणार होते. मठात ज्याची दीक्षा आधी तो ज्येष्ठ; बाकीच्यांनी त्याला आधी नमस्कार करायचा. मामांनी उभी हयात सेवाज्येष्ठता जपली होती. आता परमेश्वराच्या दारात हाताखालचा माणूस पुढे जाणार, हे त्यांना सहन होईना. मला हे कळलं तेव्हा मी आत जाऊन भांडी आदळली. खरं सांगायचं तर मामांविषयी मनात जो काही उरलासुरला मान होता तो त्या दिवशी संपला.

आत्याबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. "एवढं कन्यादान होऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्याच्या दुसऱ्या दिवशी जा. मी अडवणार नाय."

"हा मोह आहे," मामा म्हणाले. "मुलगी कुणाची, आई कोण, बाप कोण?"

"मंग चहा कुणाला देऊ म्हनता?" आत्याबाईंनी विचारलं. मामांनी कप घेतला.

माझा नवरा तिथंच उभा होता. तो म्हणाला, "वडील आहेत, आपण काय बोलणार." हे वाक्य त्यानं आयुष्यात इतक्यांदा म्हटलंय की ते त्याच्या तोंडून निघायच्या आधी मला ऐकू येतं.

दीक्षा पैठणला, गोदावरीच्या घाटावर होती. संन्यास घेणाऱ्यानं आधी स्वतःचं श्राद्ध करायचं असतं. घरदार, नाव, नातीगोती या सगळ्यांना आपण मेलो, असा त्याचा अर्थ. महाराजांनी आधीच सांगितलं होतं की पिंड नदीत सोडायचा आणि संपलं. पण करमाडहून दोन जीप भरून भावकी आली होती. या लोकांनी संन्यास कधी पाहिलेला नव्हता. त्यांना श्राद्ध म्हटलं की दहावा माहीत, आणि दहावा म्हटलं की कावळा. कावळा पिंडाला शिवला की माणूस सुटला. शिवला नाही की त्याची काही इच्छा राहिली.

"त्याची इथं आवश्यकता नाही," महाराज म्हणाले.

भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "महाराज, तुमी तुमचं करा, आमी आमचं करतो." महाराजांची जेवणाची वेळ होत आली होती, त्यांनी मान हलवली.

पिंड दगडावर ठेवला आणि सगळे दहा पावलं मागे सरून उभे राहिले. मामाही आमच्यातच उभे. गुळगुळीत डोकं, ओलं धोतर, अंगाला भस्म, आणि नजर स्वतःच्या पिंडावर.

पैठणच्या कावळ्यांना पिंडांची काय ददात. घाटावर रोज ताटं मांडलेली असतात. चार-पाच कावळे पलीकडच्या कठड्यावर बसून आमच्याकडे बघत होते आणि पंख साफ करत होते. ऊन चढलं. मग लोकांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. एकजण पुढे होऊन हात जोडून पिंडाला म्हणाला, "करमाडच्या वावराची काळजी करू नका, आमी बघू." कावळा हलला नाही. दुसरा म्हणाला, "देवीचा नवस फेडू." काही नाही. "नातवाला कंपनीत चिकटवू." नातू तेव्हा पाचवीत होता. एवढी शहाणी माणसं जमली होती, पण ज्याचा पिंड तो माणूस शेजारी उभा आहे, त्यालाच विचारावं बाबा तुमचं काय राहिलं, हे एकाच्याही डोक्यात येईना. आणि मामा तरी काय करत होते? ते माझ्या नवऱ्याच्या कानाशी लागले आणि हळूच म्हणाले, "गच्चीवरच्या खोलीला कुणी हात लावणार नाही, असं म्हणून बघ."

नवरा पुढे झाला आणि पिंडाला मोठ्यानं तसं म्हणाला. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

कावळा तरीही आला नाही. लोक कुजबुजायला लागले. तेव्हा बायकांच्या मागून आत्याबाई पुढे आल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पिंडाकडे बघून, कुणाशी बाजारभाव बोलावा तशा सरळ आवाजात म्हणाल्या, "धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका. कन्यादान मी करीन. एकटी करीन. तुमच्यावाचून काय अडत नाय."

कठड्यावरचा एक कावळा उठला, दगडावर उतरला, पिंडाला चोच मारली आणि घास घेऊन नदीपलीकडे गेला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कावळ्याला भूक लागली असणार, याहून जास्त मी काही म्हणणार नाही. पण भावकीनं हात जोडले. ते म्हातारे म्हणाले, "सुटले." आणि मामांचा चेहरा, रागानं राजीनामा फेकावा आणि साहेबानं तो उभ्या उभ्या मंजूर करावा, तसा झाला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण तोवर शिष्यांनी त्यांच्या अंगावर भगवं घातलं आणि मठाच्या गाडीत बसवलं.

घर एकदम मोठं झालं. मी गच्चीवरची खोली उघडून धाकटीला अभ्यासाला, म्हणजे आता लग्नाच्या सामानाला दिली. आत्याबाई पहिल्यांदाच दुपारी झोपल्या. मठातून मात्र आठवड्याला एक माणूस निरोप घेऊन येई. स्वामींना तिथली चहापत्ती चालत नाही, घरची पाठवा. स्वामींची लोकरी बंडी राहिली. स्वामी म्हणतात, वरणात मीठ कमी असतं, तर लोणचं द्या. आत्याबाई सगळं बांधून देत. मी चिडले तर म्हणत, "देऊ दे. भिक्षा म्हनून देते."

लग्न पंधरा दिवसांवर आलं आणि थोरल्या बाई आल्या. थोरल्या बाई म्हणजे आत्याबाईंची मोठी जाऊ, भाकरी पाठवणारी तीच. नवरा गेल्यापासून त्यांना प्रत्येक शुभकार्यात मागे बसवलेलं होतं, आणि अशा बाईला दुसरी कुणी मागे येऊन बसली की सोबत वाटते. त्या बसल्या, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "आता तुझ्या कुंकवाचं काय?"

"काय म्हंजे?"

"पिंड दिला, कावळा शिवला. समद्या भावकीनं पाह्यलं. तू आता सवाष्ण कशी? हळदीला हात लावू नको. कन्यादानाला माझा पोरगा आन् सून बसतील. मी बोलले त्यांच्याशी."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आत्याबाईंच्या हातात रुखवताच्या शेवया होत्या. त्या तशाच धरून त्या म्हणाल्या, "कुंकू पुसायला आधी माणूस मरावा लागतो, बाई. ते तर परवाच लोणचं मागत होते."

"कावळा शिवला त्याचं काय?"

"कावळा कशावर शिवला ते बी सांगा की. समदे नवस बोलून थकले तवा नाय आला. मी कन्यादान करते म्हनले, तवा आला. आता मी नाय केलं तर त्यांची गती कुनाच्या डोक्यावर? तुमच्या पोराच्या?"

थोरल्या बाईंनी पाण्याचा तांब्या पुन्हा उचलला. हे सगळं त्यांच्याच हिशेबानं बरोबर होतं आणि त्यातून बाहेर पडायला त्यांना वाट दिसेना. मग म्हणाल्या, "पर एकटी पाटावर कशी बसशील? जोडी लागती."

"सुपारी खोचून."

"ती बाप्यानं खोचायची असती."

"आन् बाईनं का नाय?"

थोरल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी शिकलेली, तर मी सांगेन. मी शेवयांचं ताट उचलून आत गेले. लग्न लावणाऱ्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, शास्त्रात असं केल्याचं आढळत नाही, पण करू नये असंही कुठे आढळत नाही. कार्य हातचं जाऊ नये अशा बेतानं ते बोलले, ते मला समजलं. पण कधीकधी स्वार्थाचं बोलणंही उपयोगी पडतं. आत्याबाईंनी धाकटीला हळद लावली. आधी मुलीच्या पायाला, मग गालाला, आणि मग उरलेली आपल्या हातावर पुसली.

जालना रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात लग्न होतं. हिरव्या पैठणीत आत्याबाई मला ओळखू येईनात. कन्यादानाची वेळ आली, पाट मांडला, गुरुजींनी कलश पुढे ओढला, आणि दारात गडबड झाली. मामा आले होते. अंगात पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि गळ्यात भगवं उपरणं. म्हणजे दोन्ही आश्रमांची सोय. डोक्यावर खुरटे केस उगवले होते आणि पोट उतरलं होतं.

"महाराजांनी परवानगी दिली," ते सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कर्तव्य राहिलं होतं. कर्मयोग हाच श्रेष्ठ, असं माझ्या आता लक्षात आलं आहे."

नंतर मठातल्याच माणसाकडून कळलं की तिथं एक वेळ जेवण होतं, दुपारी झोपायला बंदी होती, आणि ज्येष्ठ शिष्याचा मान म्हणजे गोठा आधी झाडायचा. हाताखालचे ते गृहस्थ तर आलेच नाहीत. त्यांनी विचार बदलला होता. पण त्या क्षणी मांडवात सगळ्यांना आनंद झाला. थोरल्या बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. "बरं झालं. बसा आता जोडीनं," त्या म्हणाल्या. व्याही उठून उभे राहिले. गुरुजी म्हणाले, "उत्तम, छोटंसं प्रायश्चित्त करून घेऊ, पाच मिनिटं." माझ्या नवऱ्यानं दुसरा पाट आणायला कुणालातरी पाठवलंसुद्धा.

मी आत्याबाईंकडे पाहत होते. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर पाटावर बसायचं म्हणून ती पैठणी उन्हात घातली, तो माणूस समोर उभा होता. त्या सरकल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता. खरंच नसता दिला.

त्या सरकल्या नाहीत. "पिंडाला शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. "एकटी करीन म्हनले होते. आता मोडला तर तुमालाच गती नाय."

"अहो, पण मी जिवंत आहे," मामा म्हणाले.

"ते तवा सांगायचं होतं. कावळा यायच्या आधी."

मांडवात कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. मामांनी आधार शोधत गुरुजींकडे पाहिलं, मग भावकीकडे. ते घाटावरचे म्हातारे समोरच बसले होते. त्यांनी मान हलवून सांगितलं की बाई बरोबर बोलतेय. आपल्याच डोळ्यांदेखत शिवलेला कावळा त्यांना खोटा पाडता येईना.

"मग मी कुठे बसू?" मामांनी विचारलं.

"संन्याशाला कुठंबी बसता येतं," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मुलीच्या हाताखाली हात धरला. गुरुजींनी मंत्र म्हटले. पाणी पडलं. वाजंत्री वाजली. मामा पंख्याजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बघत होते, आणि मुलाकडचा एक पाहुणा त्यांना विचारत होता की आपण मुलीचे कोण.

संध्याकाळी धाकटीची गाडी बजाजनगरला गेली. आम्ही घरी आलो. मामा गच्चीवर जाऊन खोलीत लग्नाची खोकी पाहून खाली आले आणि ओसरीवर टेकले. आत्याबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी कमरेच्या गाठीतून सुपारी सोडली आणि तळहातावर घेतली.

"ती नदीत सोडायची असते," मामा म्हणाले. एवढं शास्त्र त्यांना अजून आठवत होतं.

"तुमी वास्तुशांतीची सोडली होती?"

मामांना आठवेना.

"कपाटाखाली टाकली होती," आत्याबाई म्हणाल्या. "केर काढताना सापडली मला. हळदीच्या डब्यात ठेवली, म्हनून कीड लागली नाय." त्यांनी हात पुढे केला. "हीच ती."

सुपारी पिवळी झालेली होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, चहा टाका जरा."

मी उठले आणि आत्याबाईंपुरता टाकला.